टेरी बोगार्ड : दणकट हाताचा, मऊ मनाचा. पण परक्या गेममध्ये गेल्यावर?

लांडगा_साउथटाउनचा

टेरी बोगार्डवर इथे एकही धागा नाही म्हणून काढतोय. ज्यांनी नव्वदीच्या शेवटाला व्हिडिओ पार्लरमध्ये केओएफ ९७ (द किंग ऑफ फायटर्स हा मारामारीचा गेम) खेळलंय त्यांना ओळख करून द्यायला नको. लाल टोपी, लाल बिनबाह्यांचं जॅकेट, मागे पिवळ्या केसांची शेपटी, जमिनीवर बुक्की मारली की झोत (पॉवर गायझर) उसळतो तोच तो. पण पार्लरमध्ये आपल्याला त्याची गोष्ट कोणी सांगितली नव्हती. मला ती खूप उशिरा कळली आणि तेव्हापासून हा माणूस डोक्यातून जात नाही.

गोष्ट अशी. १९९१ साली एसएनके या जपानी कंपनीचा फेटल फ्युरी हा गेम आला. साउथ टाउन नावाचं शहर, तिथला डॉन गीज हॉवर्ड. गीजने जेफ बोगार्डला मारलं, आणि जेफने ज्या दोन अनाथ पोरांना घरी आणून वाढवलं होतं ती पोरं म्हणजे टेरी आणि अँडी. दोघं मोठे होऊन गीजच्याच स्पर्धेत उतरतात. इथपर्यंत सूडाची नेहमीची गोष्ट. पण त्याच मालिकेतल्या १९९५ च्या रिअल बाउटमध्ये शेवटी गीज स्वतःच्या टॉवरवरून खाली जातोय आणि टेरी त्याचा हात पकडतो. बापाच्या खुन्याचा हात! गीजच तो झटकून देतो आणि पडतो. मग टेरी काय करतो, तर गीजचा लहान मुलगा रॉक, त्याला आपल्याबरोबर नेतो आणि पोटच्या पोरासारखं वाढवतो. १९९९ च्या मार्क ऑफ द वुल्व्ह्जमध्ये तोच रॉक १७ वर्षांचा हिरो आहे.

माझं ठाम मत आहे की एवढ्या ताकदीचा आणि एवढा मायाळू माणूस फायटिंग गेममध्ये दुसरा नाही.

पण प्रश्न पुढचा आहे. टेरी स्वतःच्या गेमपेक्षा दुसऱ्यांकडेच जास्त दिसलाय. केओएफ मुळात एसएनकेच्या वेगवेगळ्या गेममधली माणसं एकत्र आणून केलेला, १९९४ पासून. मग स्ट्रीट फायटरवाल्या कॅपकॉमचा २००० चा कॅपकॉम व्हर्सेस एसएनके, २००१ ला त्याचा दुसरा भाग, २००३ चा एसव्हीसी केऑस, २०१९ ला निन्टेंडोचा स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट, २०२४ ला स्ट्रीट फायटर ६. अशा गेममध्ये गोष्टीला जागाच नसते, राउंड मिनिट दीड मिनिटात संपतो. मग तिथे त्याचा हा स्वभाव शिल्लक राहतो का, की तो नुसता टोपीवाला मारामाऱ्या होतो? तुम्हाला कुठे दिसला असेल तर सांगा. दुसरं असं कोणी असेल तर तेही येऊ द्या.

मिरजेचा_बाळू

काय विषय काढलात राव!! आमच्याकडे स्टँडजवळ पार्लर होतं, दोन मशिनी, एकीवर मुस्तफा (म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स) आणि एकीवर केओएफ ९७. मुस्तफावर तीन जण एकत्र खेळायचे त्यामुळे तिथे दंगा आणि ९७ वर शांतता, कारण तिथे नाणं लावून एकमेकांविरुद्ध खेळायचं आणि हरला की बाजूला व्हायचं. बारावीतला एक दादा कायम टेरी घ्यायचा. समोर लहान पोरगं आलं की तो तीन गड्यांपैकी पहिला मुद्दाम हरू द्यायचा, म्हणजे पोराचं नाणं निदान जरा वेळ तरी चालावं. बाकीचे मोठे पोरगे इओरी घेऊन अर्ध्या मिनिटात घरी पाठवायचे. तुम्ही गोष्ट सांगितली तेव्हा मला तो दादाच आठवला.

खटका

पॉवर गायझर!!! +१

विनया_पुणे

विषय आवडला पण मत पटत नाही.

एक तर हा माणूस गीजला गाठायचं म्हणून इतकी वर्षं तयारी करतो. हे मायाळू माणसाचं लक्षण नाही, हे मनात धरून ठेवणाऱ्याचं लक्षण आहे. शेवटी हात पुढे केला ते चांगलं, पण तिथपर्यंत पोचेस्तोवर त्याने गीजला दोनदा तरी तुडवलेलं आहे. आणि दुसरं, लढाई सुरू व्हायच्या आधी समोरच्याला हाताने खुणावून "हे, कमॉन, कमॉन!" म्हणतो तो टेरीच ना? त्यात मला तरी माया दिसली नाही कधी.

मला पार्लरमध्ये जाऊ द्यायचे नाहीत, मुलींनी तिथे जायचं नाही असं सरळ होतं. मामेभावाच्या कॉम्प्युटरवर निओरेजएक्स, म्हणजे पार्लरचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर, होतं त्यावर मी ९७ खेळले, आणि भरपूर खेळले. त्यामुळे टेरी मला अगदी आतून माहितीये, आणि मला तो कायम जरा शायनिंग मारणाराच वाटलाय.

लांडगा_साउथटाउनचा

@विनया, कमॉन कमॉन मधला सूर ऐकून बघा ना परत. गीज "प्रेडिक्टेबल" म्हणतो तेव्हा समोरच्याला कस्पटासमान लेखतो. टेरीचं कमॉन म्हणजे ये, खेळू. त्याला समोरचा चांगला खेळला तर आनंद होतो.

सूडाबद्दल मात्र तुमचा मुद्दा वजनदार आहे. मी त्याच्याकडे असं बघतो की राग धरून ठेवला तरी तो मुलावर काढला नाही. हे फार कमी जणांना जमतं. आपल्याकडे भाऊबंदकीत तिसऱ्या पिढीशी बोलत नाहीत लोक.

योगी_अरविंद_नव्हे

मायाळू फायटर म्हणाल तर मी धालसिमचं नाव घेईन, आणि तोही क्रॉसओव्हरवालाच, म्हणजे दुसऱ्यांच्या गेममध्ये जाणारा आहे. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ पासून त्याचं म्हणणं हेच की हिंसा वाईट, पण गावाला पैसे हवेत म्हणून लढतो. बायको सॅली, मुलगा दत्त. १९९६ ला एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटरमध्ये हा माणूस वुल्व्हरीन आणि मॅग्नेटोसमोर उभा राहिला, तिथे सगळे आकाशात उडतायत, स्क्रीनभर किरणं सोडतायत आणि हा जिंकल्यावर हवेत मांडी घालून ध्यान करतोय. पुढे मार्व्हल सुपर हीरोज व्हर्सेस स्ट्रीट फायटर, कॅपकॉम व्हर्सेस एसएनके, मग २०१२ चा स्ट्रीट फायटर एक्स टेकन, जिथे त्याची जोडी सगातबरोबर लावली होती. सगात म्हणजे छातीवरच्या जखमेचा राग उराशी धरून बसलेला माणूस. त्याच्याबरोबर धालसिमलाच पाठवलं यात मला अर्थ दिसतो.

मिरजेचा_बाळू

धालसिमचे हात लांब होतात ते बघून आमच्याकडे लोक त्याला घ्यायचेच नाहीत, म्हणायचे ह्याला खेळायला फार डोकं लागतं.

खारघरची_केतकी

@योगी, धालसिमबद्दल माझ्या मनात कायम दोन गोष्टी असतात. स्वभाव म्हणून तो तुम्ही म्हणता तसाच आहे. पण गळ्यात कवट्यांची माळ, बरगड्या दिसतायत, तोंडातून आग, हा भारतीय माणूस जपानमधल्या एका ऑफिसात बसून कल्पनेने रंगवलाय हे दिसतंच. त्या कवट्या गावातल्या साथीत गेलेल्या मुलांच्या आहेत, तो त्यांची आठवण म्हणून घालतो, असं स्पष्टीकरण आहे. ते कळल्यावर माळेकडे वेगळ्या नजरेने बघता येतं, पण गेममध्ये नुसतं बघणाऱ्याला ते कुठून कळणार? म्हणजे लांडगेसाहेबांचा मूळ प्रश्नच आला की परत. गोष्ट गेममध्ये येत नसेल तर उरतं काय, तर कवट्या आणि आग.

लांडगा_साउथटाउनचा

@केतकी, अगदी हेच मला विचारायचं होतं, तुम्ही नेमकं मांडलंत.

प्रोफेसर_जोकर

टेकन गेममधल्या किंगला विसरू नका लोकहो. जग्वारचा मुखवटा घातलेला मेक्सिकन कुस्तीगीर, अनाथाश्रम चालवतो आणि त्याच्या खर्चासाठी स्पर्धेत उतरतो. ही कल्पना खऱ्या माणसावरून आलीय, मेक्सिकोत फ्रे तोरमेंता नावाने मुखवटा घालून लढणारे एक पाद्री होते, अनाथ मुलांसाठी पैसे उभे करायला कुस्ती खेळायचे.

पहिला किंग गेल्यावर त्याच्याच आश्रमातला मुलगा दुसरा किंग झाला. त्याच्या गुरूला, आर्मर किंगला, क्रेग मार्डुक नावाच्या धिप्पाड माणसाने मारलं. टेकन ४ मध्ये किंग बदला घेतो, मार्डुकला हॉस्पिटलात पाठवतो, आणि तिथे काम संपवायला जातो तर उशाशी मार्डुकच्या आईवडिलांचा फोटो. तिथून परत फिरतो. पुढे दोघं चांगले दोस्त. आणि मजा बघा, स्ट्रीट फायटर एक्स टेकनमध्ये किंगचा जोडीदार कोण? मार्डुक! म्हणजे क्रॉसओव्हरमध्ये गोष्ट नुसती टिकली नाही, दोघं एकाच बाजूला उभे राहून एकमेकांना टॅग करतायत. शब्द नाही, काही नाही, पण माहिती असलेल्याला सगळं दिसतं.

विनया_पुणे

"माहिती असलेल्याला" हेच तर दुखणं आहे.

किंगचं उदाहरण टेरीपेक्षा जास्त पटलं मला. तो रागाच्या भरात हॉस्पिटलात जातो आणि फोटो बघून थांबतो, तो क्षण खरा वाटतो.

सदाशिव_सॅन_होजे

मी इकडे कॅलिफोर्नियात, माझी मुलगी नऊ वर्षांची. तिला केओएफ माहिती नाही, पार्लर माहिती नाही, तिने टेरीला पहिल्यांदा स्मॅशमध्ये बघितलं, मारिओ आणि पिकाचूच्या शेजारी. तिचा पहिला प्रश्न काय होता सांगू? "बाबा, हा मारायच्या आधी आर यू ओके असं का विचारतो?" बस्टर वुल्फ मारताना तो तसं ओरडतो ना. मी म्हटलं तूच सांग. तर म्हणाली, त्याला काळजी वाटते पण मॅच पण जिंकायचीये.

@विनया, तिला मागची काहीच माहिती नव्हती हे मुद्दाम सांगतोय.

खटका

पोरीला माझ्याकडून एक कॅडबरी.

फ्रेमडेटा_फडके

आता यायलाच हवं. सदाशिवराव, तुमच्या मुलीच्या प्रश्नात अजून एक गोष्ट दडलीय. स्मॅशमध्ये टेरीचे दोन सुपर, म्हणजे सगळ्यात जोरदार वार, पॉवर गायझर आणि बस्टर वुल्फ, हे कधीही मारता येत नाहीत. टेरीचं स्वतःचं डॅमेज (मार खाल्ला की वाढणारा आकडा) १०० टक्के किंवा त्याच्या वर गेलं की मगच ते मिळतात, स्क्रीनवर खाली गो असं येतं. स्टॅमिनावाल्या मॅचमध्ये ताकद एक तृतीयांशाच्या खाली आल्यावर. ही जुन्या एसएनके गेमची पद्धत आहे, मरायला टेकलं की सुपर मिळायचा, तीच स्मॅशचे दिग्दर्शक सकुराई यांनी इकडे आणली.

म्हणजे होतं काय, टेरी स्वतः मार खाऊन खाऊन उडून जायच्या बेतात असतो तेव्हा तो समोरच्याला विचारतो, तू ठीक आहेस ना? स्मॅशमध्ये हे वाक्य बहुतेक तेव्हाच ऐकू येतं. ठरवून केलंय असा माझा दावा नाही, नियम आणि आवाज असे एकमेकांत बसलेत एवढंच म्हणतो. पण खेळताना ते जाणवतं.

अर्थात त्या आर यू ओकेनंतर समोरचा ओके राहत नाही, हेही खरं. साध्या जॅबमधून थेट बस्टर वुल्फ बसतो. ऑनलाइन टेरी समोर आला आणि त्याच्याखाली गो चमकायला लागलं की लोक लांबच राहतात.

केओएफ_करमरकर

फडके +१००. ह्यालाच मी म्हणतो प्रतिसाद.

अवांतर : सप्टेंबर २०१९ ला निन्टेंडोने टेरी जाहीर केला तो ट्रेलर आठवतोय का? स्मॅशचं आमंत्रणाचं पाकीट हवेत उडत चाललंय, एसएनकेचे एकेक जण ते पकडायला बघतायत, आणि गीज त्याच्या नादात परत टॉवरवरून खाली. १९९५ पासून पडतोय बिचारा.

मिरजेचा_बाळू

पहिल्या फेटल फ्युरीतही पडलाच होता, म्हणजे १९९१ पासून.

केओएफ_करमरकर

बरोबर. त्या बिल्डिंगला कठडा बसवा कोणीतरी.

सुमेध_९४

थोडं विषयांतर. केओएफ ९४ मध्ये टीम देशांनुसार होत्या, जपान, कोरिया, चीन वगैरे. टेरी, अँडी आणि जो हिगाशी ही टीम इटलीची! अमेरिकन टेरी इटलीकडून का? अमेरिकेची टीम म्हणून हेवी डी, लकी आणि ब्रायन. ती टीम पुढे गायबच झाली जवळपास. मला लहानपणापासून हे कोडं आहे.

प्रोफेसर_जोकर

सुमेध, वेगळा धागा काढ त्यावर, मी येतो. कोरियाच्या टीममध्ये चांग आणि चोई या गुन्हेगारांना किम सुधारतोय हाही विषय आहे मायाळूपणाचा.

सुमेध_९४

किम मायाळू?? तो शिस्तीचा मास्तर आहे. चांग बिचारा लोखंडी गोळा ओढत त्याच्या मागे फिरतो.

धोपटमार्गी

सगळं वाचलं. मला वाटतं तुम्ही सगळे एका गोष्टीकडे बघत नाही. क्रॉसओव्हर गेम म्हणजे धंदा आहे. दोन कंपन्यांचे चाहते एका दुकानात आणायचे. टेरी सगळीकडे जातो कारण तो ओळखू येतो, लाल टोपी लांबून दिसते. २०१८ च्या एसएनके हिरोइन्समध्ये तर टेरीला चक्क मुलगी करून टाकलं होतं. तिथे कुठला स्वभाव आणि कुठलं काय. लोक आपल्या मनातलं त्याच्यावर चिकटवतात, गेममध्ये ते असतंच असं नाही.

खटका

मुलगी केली तरी टोपी तीच होती हां.

फ्रेमडेटा_फडके

@धोपटमार्गी, धंदा आहेच, कोणी नाही म्हटलंय? पण धंद्यासाठी आणलेल्या माणसावरही कोणीतरी महिनोन्महिने बसून काम करतं. तो कसा उभा राहील, जिंकल्यावर काय करेल, हे कोणीतरी ठरवतंच. टेरी जिंकला की टोपी उडवून "ओके!" म्हणतो, हरलेल्याकडे बघून हसत नाही. ही एक गोष्ट कॅपकॉमवाल्यांनीही ठेवली आणि स्मॅशवाल्यांनीही ठेवली. धंद्याला त्याची गरज नव्हती.

आणि परका, पाहुणा हे शब्द सगळे वापरतायत म्हणून सांगतो. १९८७ चा पहिला स्ट्रीट फायटर ज्यांनी दिग्दर्शित केला ते ताकाशी निशियामा, तेच पुढे कॅपकॉम सोडून एसएनकेत गेले आणि त्यांनीच फेटल फ्युरी केला. म्हणजे र्‍यू आणि टेरी एकाच माणसाच्या हातचे. २०२४ ला टेरी स्ट्रीट फायटर ६ मध्ये आला तेव्हा मला तरी तो माहेरी आल्यासारखा वाटला.

खारघरची_केतकी

हे निशियामांचं माहिती नव्हतं! वाचून अंगावर काटा आला.

रेणुकापुत्र

दोन दिवस हा धागा वाचतोय, आता लिहितोच. रॉकबद्दल कोणीच नीट बोललं नाहीये आणि माझ्या मते मूळ प्रश्नाचं उत्तर रॉकमध्येच आहे.

मी स्वतः काकांकडे वाढलो, माझे वडील लवकर गेले आणि काकांचं आणि वडिलांचं पटत नव्हतं, हे मला मोठं झाल्यावर कळलं. वाढवताना काकांनी वडिलांबद्दल एक वाईट शब्द काढला नाही. म्हणून मार्क ऑफ द वुल्व्ह्ज मला नुसता गेम म्हणून खेळताच येत नाही.

रॉकच्या मूव्ह बघा. रेप्पुकेन, रेजिंग स्टॉर्म, ह्या गीजच्या. रायझिंग टॅकल टेरीची, शाइन नकल म्हणजे टेरीच्या बर्न नकलचीच पुढची आवृत्ती. एका पोराच्या अंगात दोन्ही बाप आहेत, एक ज्याने जन्म दिला आणि एक ज्याने वाढवलं. आणि टेरीने त्याला गीजचं काही विसरायला लावलेलं नाही. ज्या रेजिंग स्टॉर्मने टेरीला किती वेळा लोळवलं असेल तो त्याच्याच घरात राहणारा पोरगा मारतोय, आणि टेरीला ते चालतंय. मला ह्यापेक्षा मोठं मन माहिती नाही. आणि यासाठी एकही संवाद वाचायला लागत नाही, रॉक हातात घेतला की बोटांना कळतं.

आता क्रॉसओव्हरचं. कॅपकॉम व्हर्सेस एसएनके २ मध्ये टेरी आहे, रॉक आहे आणि गीजपण आहे. तीन जणांची टीम करता येते. तिघं एका टीममध्ये घ्या! त्यांच्या स्वतःच्या गोष्टीत हे अशक्य आहे, रॉक मोठा होईपर्यंत गीज जाऊन दहा वर्षं झालेली आहेत. पण इथे गीज पडला की रॉक येतो, रॉक पडला की टेरी येतो. मी कायम ह्याच क्रमाने खेळतो. टेरीला शेवटी ठेवायचं, आणि रेशोचे, म्हणजे ताकदीचे, चार पॉइंट वाटताना त्याला दोन द्यायचे, म्हणजे मागे तो आहे असा भरवसा राहतो. लोक म्हणतात क्रॉसओव्हरमध्ये गोष्ट हरवते. मला तर जी गोष्ट त्या तिघांना कधी मिळाली नाही ती तिथेच मिळाली.

लांडगा_साउथटाउनचा

रेणुकापुत्र, काय लिहिलंत. काकांना माझा नमस्कार सांगा.

विनया_पुणे

@रेणुकापुत्र, हे मला पटलं. मूव्ह्जवरून बघायचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, मी संवाद आणि पोज धरून बसले होते.

सूडाबद्दलचं माझं मत आहे तिथेच आहे. पण रॉकला गीजची विद्या ठेवू देणं, हे मी टेरीच्या नावावर लिहायला तयार आहे.

मिरजेचा_बाळू

+१ रेणुकापुत्र. आज रात्री रॉक शिकायला घेतो.

सदाशिव_सॅन_होजे

माझ्या मुलीला वाचून दाखवलं, मराठी हळूहळू कळतं तिला. तिचा प्रश्न, मग रॉक स्मॅशमध्ये का नाही?

केओएफ_करमरकर

उत्तर सकुराईंकडे. फेटल फ्युरीतल्या माईलाच घेतलं नाही तिथे, स्टेजच्या मागच्या गर्दीत सुद्धा नाही. लहान मुलंही हा गेम खेळतात म्हणून ती नाही, असं सकुराईंनी सांगितलं होतं. शेवटी फेब्रुवारी २०२५ ला ती स्ट्रीट फायटर ६ मध्ये आली.

निशिगंधा_जी

उशिरा येतेय, पण मूळ प्रश्नाकडे परत जाऊ का? टेरीचा स्वभाव परक्या गेममध्ये कुठे दिसला?

मला तो सगळ्यात स्पष्ट स्ट्रीट फायटर ६ च्या वर्ल्ड टूरमध्ये दिसला. ज्यांनी खेळलं नाही त्यांच्यासाठी, त्यात तुम्ही स्वतःचं एक पात्र बनवता आणि शहरात फिरत एकेका फायटरला गुरू करता. त्यांच्या मूव्ह शिकायच्या, त्यांच्याशी बोलायचं, भेटवस्तू द्यायच्या, तसतसं नातं वाढत जातं. टेरी आल्यावर तोही गुरू म्हणून उपलब्ध झाला. म्हणजे पहिल्यांदा मी टेरीला घेऊन कोणाला मारत नव्हते आणि टेरीसमोरही उभी नव्हते, मी त्याच्याकडे शिकत होते. रॉकच्या जागेवर मी!

फायटिंग गेममध्ये माणसाचा चांगुलपणा दाखवायला दोनच जागा असतात, मारायच्या आधी आणि मारून झाल्यावर, एकेक दोन दोन सेकंद. जुन्या गेमवाल्यांनी तेवढ्यातच टोपी आणि ओके बसवलं. एसव्हीसी केऑसने प्रत्येक लढाईआधी दोघांचं बोलणं ठेवलं होतं, तो एक प्रयत्न चांगला होता. पण शिष्य होऊन शिकता येणं ही वेगळीच गोष्ट आहे, आणि ती टेरीच्या बाबतीत जेवढी शोभते तेवढी तिथल्या अर्ध्या गुरूंना शोभत नाही. बायसन किंवा अकुमाकडे कोण आनंदाने शिकायला जाणार?

अजून एक. टेरी खेळायला सोपा आहे, प्रत्येक गेममध्ये. उलटसुलट कमांड नाहीत, लांबलचक सेटअप नाहीत, जवळ जायचं आणि बुक्की मारायची. मी ज्यांना ज्यांना फायटिंग गेम शिकवले, भाचे, ऑफिसातली मैत्रीण, नवरा, त्यांना पहिल्यांदा टेरीच दिला. नवशिक्याला तो सांभाळून घेतो. ही मायासुद्धा धरा त्याच्या हिशोबात.

फ्रेमडेटा_फडके

निशिगंधा, सोपा आहे पण पॉवर गायझरची ती उलटसुलट कमांड सोपी नव्हती हां. खाली, मागे, परत तिरकं आणि पुढे. पार्लरच्या ढिल्या काठीवर ती लागली की लोक टाळ्या वाजवायचे.

मिरजेचा_बाळू

वाजवायचेच!! आणि काका ओरडायचे, काठी मोडू नका रे.

धोपटमार्गी

निशिगंधाताईंचा मुद्दा मान्य, वर्ल्ड टूरमध्ये वेळ मिळतो म्हणून माणूस दिसतो. बाकी ठिकाणी तुम्ही तो बरोबर घेऊन जाता असं माझं अजूनही मत आहे. पण सदाशिवरावांच्या मुलीचं काय करायचं ते मला सुचत नाहीये, तिने बरोबर काहीच नेलं नव्हतं.

योगी_अरविंद_नव्हे

धोपटमार्गी, हे धालसिमलाही लागू करा. ज्याला काही माहिती नाही असा माणूस त्याला हवेत डोळे मिटून बसलेला बघतो, तर त्याला काय वाटत असेल?

खारघरची_केतकी

माझ्या मुंबईबाहेरच्या मित्रांना विचारलंय मी हे, बहुतेकांना तो शांत वाटतो. कवट्यांकडे लक्ष नंतर जातं म्हणाले. त्यामुळे माझी तक्रार थोडी सौम्य करते, पण काढून घेत नाही.

लांडगा_साउथटाउनचा

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. फडके, रेणुकापुत्र आणि निशिगंधा यांचे प्रतिसाद मी उतरवून ठेवलेत.

आता कामाचं. कॅपकॉम व्हर्सेस एसएनके २ मे २०२५ पासून कॅपकॉम फायटिंग कलेक्शन २ मध्ये मिळतो, ऑनलाइन खेळता येतो आणि नेटकोडही रोलबॅकचा आहे, म्हणजे लांबून खेळतानाही फार अडखळत नाही. शनिवारी कोण कोण येतंय? भारतात रात्री साडेनऊ, म्हणजे सदाशिवरावांकडे सकाळ.

मिरजेचा_बाळू

मी आहे.

विनया_पुणे

मीपण. किंग नाही ना त्यात? म्हणजे टेकनवाला.

प्रोफेसर_जोकर

एसएनकेची किंग आहे, बारमालकीण, लाथा मारणारी. तीपण मनाने चांगलीच आहे, धाकट्या भावासाठी लढते. घ्या तिला.

रेणुकापुत्र

येतो. माझी टीम तुम्हाला माहितीच आहे, क्रम बदलणार नाही.

सदाशिव_सॅन_होजे

आम्ही दोघं. पण मुलीला दहाला पोहायला जायचंय, तर आमच्या मॅच आधी लावा.